नवख्यांसाठी प्रवाळ

"काकू नाहीत का घरात?" दारातल्या नर्सबाईंनी विचारलं. अंगावर ड्यूटीचाच पोशाख होता, हातात झाकणाची रिकामी बादली. "खाऱ्या पाण्याची टाकी तीन महिने नुसती चालू ठेव, मग ये, सोपं प्रवाळ देते, म्हणाल्या होत्या. शोभेच्या माशांच्या दुकानात भेटलो होतो आम्ही."

"ती गेली," टेलरकाका म्हणाले. "दोन महिने झाले."

नर्सबाईंनी बादली पाठीमागे घेतली. त्या मागे वळल्याही. पण बायकोनं दिलेला शब्द दारातून परत पाठवणं काकांच्या जिवावर आलं.

"आत या, सिस्टर. तिनं काय कबूल केलं होतं, ते तुम्हीच ओळखा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

शिलाई मशीनशेजारी काचेची टाकी होती. तिच्या मधोमध छत्रीच्या आकाराचं, चामड्यासारखं मऊ प्रवाळ. बायको प्रत्येक नवख्याला त्याचाच तुकडा कापून द्यायची. कुणी झगमगीत, नखरेल जातींकडे बोट दाखवलं की म्हणायची, "आधी हे घे. चार चुका पोटात घालतं." आता तेच मान टाकून पडलं होतं. बुडखा काळा पडून सडत चालला होता. आजूबाजूची दोन-तीन लहान प्रवाळं तर कधीच मरून पांढरी पडली होती.

"पाणी कमी झालं की काय घालता, काका?"

"तिच्यासारखंच. मीठ कालवून. रोज, न चुकता."

नर्सबाईंनी टाकीजवळची, पाण्याचा खारेपणा दाखवणारी काट्याची डबी पाण्यात बुडवली. काटा थेट वरच्या टोकाला जाऊन टेकला.

"काका, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रोजची भर साध्या पाण्याची घालायची. मिठाचं पाणी काकू आठवड्यानं पाणी बदलताना घालत असतील."

टेलरकाका स्टुलावर बसले. दोन महिने एका दिवसाचाही खाडा न करता ते मीठ घालत आले होते, आणि मनातल्या मनात त्याचा थोडा अभिमानही बाळगून होते. बायको पाहत असती तर खूश झाली असती, असं त्यांना वाटायचं.

"म्हणजे मीच मारलं."

"मेलं नाही अजून. वरचा भाग चांगला आहे. सडलेलं सोडून कापलं तर तुकडे जगतात, असं काकूच म्हणाल्या होत्या. मी मात्र नुसतं ऐकलंय हं."

चाळीस वर्षं लोकांच्या भारी कापडाला बेधडक कात्री लावलेला माणूस; पण आज कात्री पाण्याबाहेरच थबकली. नर्सबाईंनी हातमोजे चढवून प्रवाळ धरलं. "आम्ही पेशंटला सांगतो तसं सांगू का? तिकडे बघा, काही दुखत नाही."

काका हसले नाहीत, पण त्यांनी कात्री पाण्यात घातली. कात्री चालली. उग्र वास सुटला, पाणी गढुळलं. चार तुकडे निघाले. बायकोच्या डब्यातला गोंद त्या बुळबुळीत अंगाला काही धरेना. तेव्हा काकांनी नायलॉनचा दोरा सुईत ओवला आणि भोकाभोकांच्या दगडांवर एकेक तुकडा कच्च्या टाक्यानं, अजिबात न ताणता टाचून दिला. इथं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मला हा पुरे," नर्सबाईंनी सगळ्यात लहान तुकड्याकडे बोट केलं.

काकांनी बादलीत टाकीतलं पाणी घेतलं आणि सगळ्यात मोठा उचलून त्यात ठेवला.

"अहो काका, हा तुम्हाला राहू द्या."

"न्या. माझ्या हातून पुन्हा काही चुकलं, तर तिचं म्हणून कुठंतरी असू दे."

यावर नर्सबाईंनी वाद घातला नाही. जाताना तेवढं बजावलं, "साधं पाणी रोज एकच मग घाला. पाण्यातलं मीठ एकदम उतरलं तर उरलेलं प्रवाळही जाईल."

पाणी हिंदकळू नये म्हणून त्या एकेक पायरी जपून उतरल्या. पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा काका आत आले. एक मग पाणी त्यांनी सावकाश टाकीत सोडलं. घाईघाईनं दुसरा भरला. तो धरून ते बराच वेळ टाकीपुढे उभे राहिले, आणि मग बशी शोधून त्यांनी तो उद्यासाठी झाकून ठेवला.