कुंकू लावून की पुसून

रत्नागिरी बंदराच्या वरच्या टेकाडावर मुंबईच्या कुणा शेटजींनी साहेबी थाटाचं हॉटेल काढलं, तेव्हा जवळच्या मिऱ्या गावातल्या माणसांना बोलायला दुसरा विषय उरला नाही. हवापालटासाठी बोटीनं येणारी बडी माणसं तिथं उतरत, पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या मेजांवर जेवत आणि म्हणे जेवणासाठी कपडे बदलत. भटजी जेवायला बसताना सदरा काढून ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण जेवायला बसताना माणूस अंगावर आणखी चार कपडे चढवतो, हे काही कुणाच्या गळी उतरेना.

कमळा खारवीण रोज सकाळी त्याच हॉटेलच्या मुदपाकखान्यात मासळी देऊन येई. पुढचा दिवाणखाना तिनं कधी पाहिला नव्हता आणि पाहावा असं तिला वाटलंही नव्हतं. पण त्या दिवशी गोव्याचा खानसामा पापलेटं निवडता निवडता म्हणाला, "बाई, वर एक पारशी दाक्तर उतरलाय. म्हातारा आहे, सुट्टीवर आलाय. मिऱ्याच्या लवू खलाशाचं घर ठाऊक आहे का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, त्याची बायकोच आपल्याला मासळी घालते. तर म्हणाला, रविवारी संध्याकाळी तिला माझ्या मेजावर जेवायला बोलाव. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांनाही आण म्हणावं. लवूच्या बोटीवर होता तो."

कमळेच्या हातातली पाटी तिथंच राहिली. ती रिकाम्या हातांनी घरापर्यंत आली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं.

लवू मोंबासाच्या वाटेवरच्या बोटीतून नाहीसा झाला, त्याला आठ वर्षं होत आली होती. त्या बोटीवर गावचा दुसरा कुणीच नव्हता. मुंबईहून निरोप आला तो एवढाच, की माणूस समुद्रात बेपत्ता झाला. बेपत्ता म्हणजे काय, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. भटजींनी सांगितलं, बारा वर्षं वाट पाहायची. तोवर काही कळलं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर बाई सवाष्ण. सासूनं, गंगुबाईनं, भटजींचं हे बोलणं बुडत्यानं फळी धरावी तसं घट्ट धरलं. दर संक्रांतीला ती स्वतः कासाराला घरी बोलवायची आणि समोर बसून कमळेच्या हातांत हिरवा चुडा भरायला लावायची.

कमळा भरून घ्यायची. पण ती दमली होती. वटपौर्णिमेला बायका तिच्याकडे पाहून कुजबुजत, हळदीकुंकवाला तिच्या कपाळाशी आलेलं बोट घटकाभर अडखळे. पाट लावून दुसरं घर करावं तर नवरा मेलेला नाही आणि वाट पाहावी तर कुठल्या वाटेकडे बघायचं तेही ठाऊक नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. लवू आहे की गेला, हे कुणीतरी एकदा तोंडानं सांगावं. जे असेल ते. आता सांगणारा माणूस आपण होऊन दाराशी आला होता.

प्रश्न राहिला, काय नेसून जायचं हा.

त्यावर सल्ला द्यायला शेजारची राही न बोलावता हजर झाली. ती पाच वर्षं मुंबईला एका बॅरिस्टराच्या घरी आया होती आणि त्या पाच वर्षांत तिनं जन्मभर पुरेल एवढं शहाणपण जमवलं होतं. "काष्टा घालून खुर्चीवर बसशील तर हसतील गो बाय! तितं गोल पातळ नेसतात. थांब, माजा देतंय."

तिनं आपलं गुलाबी पातळ आणून कमळेला नेसवलं. पदर डाव्या खांद्यावर, निऱ्या समोर, मागं काही नाही. जन्मभर काष्टा मारून ओल्या वाळूवरून पाटी वाहणारी कमळा उंबऱ्यापर्यंत चार पावलं चालली आणि पायांत पातळ अडकून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कोपऱ्यात जाळं विणत बसलेली गंगुबाई म्हणाली, "पाय बांधलेली कोंबडी बाजारात न्हेतात, तशी दिसतंस." राही फुरंगटली, पण हसू तिलाही आवरेना. कमळाही हसली. पुष्कळ दिवसांनी त्या घरात तिघी एकदम हसल्या.

पातळ सोडून ठेवताना मात्र कमळा हळूच म्हणाली, "आये, नेसायचा काय ता नेसंन. पन कुकू?"

गंगुबाईचा हात थांबला. "कुकवाचा काय?"

"कुकू लावून गेलंय तर तो साहेब खरा सांगायचा नाय. भला मानूस हाय. सवाष्नीच्या तोंडावर कोन बोलंल, तुजा घोव मेला म्हनून? इकडचा तिकडचा बोलंल नि जेवाय घालून धाडून दील. कपाळ मोकळा दिसला तर बोलंल. जा काय असंल ता बोलंल."

राहीनं तोंडावर हात ठेवला. बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

गंगुबाई ओरडली नाही. एरवी ती मीठ कमी पडलं तरी आळी गोळा करणारी बाई. पण आता ती अगदी हळू बोलली. "तुज्या हातानं पुस. माज्या देखत पुस. मग जा."

कमळा कोनाड्यातल्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. तिनं पदराचं टोक ओलं केलं, बोटाला गुंडाळलं आणि कपाळापर्यंत नेलं. लवू जिवंत असेल तर आपण आपल्या हातानं त्याला मारतो आहोत, असं तिला वाटलं. नसेल तर त्यानं काय बिघडतं? पण 'असेल' हा शब्द फार मोठा होता. हात कपाळापाशी गेला आणि तसाच खाली आला.

रविवारी ती लग्नातलं जांभळं जरीकाठी लुगडं काष्टा मारून नेसली, गाठीची चोळी घातली. कपाळावर मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू टेकवलं. हिरव्या बांगड्या, गळ्यात डोरलं, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. गंगुबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, स्वतः पांढरं धुतलेलं लुगडं नेसली आणि दोघी मिऱ्याहून बंदराकडे चालू लागल्या. वाटेत लोक विचारत, "काय गो, कुनाचा लगीन?" गंगुबाई सांगे, "हाटेलात जेवाय चाललंव." लोक हसत, त्यांना ती थट्टा वाटे.

हॉटेलच्या पायऱ्यांशी आल्यावर कमळेचे पाय सवयीनं मागच्या बाजूला वळले. खानसामाच धावत पुढं आला आणि त्यांना समोरून आत घेऊन गेला. दिवाणखान्यात आठ-दहा माणसं बसली होती. बायकांच्या पायांत मोजे होते. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. कमळेनं दोनदा अंग धुतलं होतं, तरी तिला आपल्या हातांना मासळीचा वास येतोय असं वाटून तिनं ते पदराखाली घेतले. गंगुबाई मात्र कुणाकडे न बघता ताठ चालली.

खिडकीशेजारच्या मेजावर काळा कोट घातलेला एक म्हातारा एकटाच बसला होता. त्यानं दोघींना येताना पाहिलं आणि तो उठला. उठला तो उभाच राहिला. त्याची नजर कमळेच्या कपाळावर गेली, गळ्यावर आली, मग पदराबाहेर आलेल्या मनगटांवर. त्याचा चेहरा असा काही बदलला की कमळा घाबरली. त्याला झोक गेला आणि त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"आला?" तो म्हणाला. "तो परत आला?"

दोघींना काही कळेना.

"तुमचा लवू! अरे, मी काय सांगायला आलो होतो, आणि तुम्ही तर..." त्यानं कमळेच्या बांगड्यांकडे हात केला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "बसा, बसा तुम्ही." दोघी बसल्या, तोही खुर्चीत टेकला. "देवा! मी या डोळ्यांनी बघितला त्याला. लाट आली आणि कठड्यासकट गेला. मी दहा हातांवर उभा होतो. एकदा डोकं वर आलं, हात वर आला, मग काही नाही. बोट थांबवली, होडी टाकली. अंधार पडायला आला. कप्तानानं मला विचारलं, दाक्तर, या पाण्यात माणूस एवढा वेळ जगेल का? मी म्हटलं, नाही. माझ्या त्या एका शब्दावर होडी परत बोलावली." तो रडता रडता हसला. "आठ वर्षं झोप नाही मला. वाटायचं, अजून घटकाभर शोधलं असतं तर? आणि तो जगला! कुणी उचलला त्याला? अरबांच्या गलबतानं?"

कमळेला आजूबाजूचं काहीच ऐकू येईना. म्हणजे हे असं होतं. एकदा डोकं वर आलं, हात वर आला, मग काही नाही. जे ऐकण्यासाठी ती कपाळ पुसायला निघाली होती, ते त्याच कपाळाकडे बघून या माणसानं सांगून टाकलं होतं. आणि सांगताना तो आनंदानं रडत होता. तिला ओरडावंसं वाटलं, नाही हो साहेब, नाही आला तो! शब्द ओठांपर्यंत आला. समोर म्हातारा लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला कळलं, आपण बोललो की हा माणूस या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही. आणि न बोलावं, तर आठ वर्षांनी आलेलं हे रडू ठेवायचं कुठं?

तिनं सासूकडे पाहिलं. गंगुबाईच्या तोंडावरची एक सुरकुती हलली नव्हती. ही म्हातारी आता काय करील, या धाकानं कमळेनं मेजाखाली तिचा हात धरला.

"व्हय," गंगुबाई म्हणाली. "आला माजा लवू. गलबतवाल्यांनी उचललान त्याला."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"आता कुठं आहे?" ते उघडून त्यानं विचारलं.

"परत बोटीवर गेला. खलाशाची जात, घरात ऱ्हाते काय?" गंगुबाई म्हणाली. "पन बरा हाय. डोकीवर जरा पांडरा झालाय."

"आणि तब्येत?"

सासूचा आवाज इथं अडखळला. कमळेनं मेजाखालचा तिचा हात घट्ट दाबला आणि ती पहिल्यांदा बोलली. "डावा पाय दुकतो, साहेब. पावसात जास्त. तेल लावायला लागतंय."

"लावा, लावा," म्हातारा उत्साहानं म्हणाला. "मी औषध लिहून देतो."

मग जेवण आलं. काय काय आलं ते दोघींना पुढं आठवलं नाही. काटे-सुऱ्या बाजूला सारून म्हाताऱ्यानं स्वतः हातानं जेवायला सुरुवात केली, म्हणून त्याही जेवल्या. लवूला काय आवडतं, त्यानं विचारलं. दोघींनी सांगितलं. तो हसला की कसा हसतो, चिडला की कसा घुम्या होतो, या खेपेला घरी आला तेव्हा अंगणातल्या माडावर चढताना कसा दमला. आधी एकीनं सांगावं, मग दुसरीनं त्यात भर घालावी. थापा मारतोय असं त्यांना वाटेना. इतक्या वर्षांत त्या दोघी लवूबद्दल एवढं एकमेकींशीही बोलल्या नव्हत्या. निघताना म्हातारा पायऱ्यांपर्यंत पोचवायला आला आणि गंगुबाईला त्यानं वाकून नमस्कार केला.

मिऱ्याच्या वाटेवर पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या वाळूवर दोघी आल्या. दिवस मावळला होता, पण उजेड होता. तिथं गंगुबाई एकाएकी खाली बसली आणि दोन्ही हात वाळूत खुपसून रडली. आठ वर्षांत कमळेनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. कमळाही तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवर डोकं टेकून रडली.

"आये, खोटा का बोललंस गो?" पुष्कळ वेळानं तिनं विचारलं.

गंगुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्या बापड्यानं किती वर्सं वाहिलान त्याला! आपला मेलेला मानूस आपुन वाहायचा. दुसऱ्याच्या डोकीवर कशाला ठेवायचा?"

कमळेनं मान हलवली. मग ती सरळ बसली, दोन्ही मनगटं पुढं केली आणि वाळूतला एक दगड उचलून सासूच्या हातात दिला. बांगड्या वाढवायच्या तर इथंच, समुद्राच्या देखत. घरी गेल्यावर धीर होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

म्हातारीनं दगड हातात धरला. तिनं सुनेकडे बघितलं. जांभळ्या लुगड्याकडे, कपाळाकडे, अबोलीच्या वळेसराकडे. मग दगड तिनं बाजूला ठेवून दिला आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "आज नको. आज तो घरी आलावता."