रिलीव्हर दोनला येईल

बाबांनी अडतीस वर्षं एका कागद कारखान्याच्या फाटकावर पहारा केला. तिथला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन वहीत दोघांच्या सह्या होत नाहीत तोवर जागा सोडायची नाही, आणि तो वेळेआधी आला तर त्याला आत घ्यायचं नाही. एकदा रिलीव्हर दोन दिवस उगवला नाही, तर बाबाही दोन दिवस जागचे हलले नाहीत. आता जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण तो नियम पक्का आहे.

मागच्या वर्षी बनियनवर रस्त्यावर गेले, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवता येत नाही. मी घरीच पडदे शिवते, त्यामुळे त्यांची पहारेकरी आपोआप मीच झाले. मला कुणी विचारलं नाही, मीही कुरकुर केली नाही. तिथेच माझं चुकलं.

त्या रविवारी मला एक दिवस हवा होता, फक्त एक. पोस्टात काउंटरवर बसणारी माझी मैत्रीण चार जणींना घेऊन जंगलातल्या पायवाटेने अकरा किलोमीटर चालणार होती. त्या वाटेच्या पाटीवर ‘मध्यम’ असं लिहिलेलं होतं. मी सगळ्याच बाबतीत मध्यम, त्यामुळे वाट मला लगेच आपली वाटली. तीन आठवडे तयारी केली. कटिंगच्या कागदावर नकाशा काढला: साडेआठला ओढा, दहाला लाकडी पूल, साडेअकराला टेकडीवरचं बाक, तिथे डबा. बाबांना रोज दाखवायची, ते रोज नव्याने विचारायचे, “कोण जाणार?” नवे बूट पायात बसावेत म्हणून मशीनही बूट घालूनच चालवलं. एका पडद्याची शिवण पार वाकडी गेली. ती उसवली, पण बूट काढले नाहीत.

बाबांपाशी धाकटा भाऊ बसणार होता. सहाला येतो म्हणाला होता, सव्वासहाला फोन आला.

“ताई, चिडू नकोस हं. ऐनवेळी ऑफिसात बोलावलंय. पुढच्या महिन्यात नक्की!”

“तुझा पुढचा महिना कधी उजाडतो रे?”

फोन आपटला. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. पाठीला सॅक लावून मी स्टुलावर मख्खासारखी बसून राहिले.

तेवढ्यात बाबा खाकी टोपी घालून बाहेर आले. माझी मापांची वही पुढे केली. “कर सही. दोनपर्यंत माझी ड्यूटी. तू सुटलीस.”

त्यांचं मन राखायला सही केली. आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं तरी निघाल्यासारखं वाटावं म्हणून दाराबाहेर जिन्यावर गेले. मागे खाटकन कडी लागली.

“बाबा, उघडा!”

“पास आहे?”

“अहो, मी आहे, मी!”

“तुमची वेळ दोनची. दोनला या.”

किल्ली माझ्या हातात होती, पण आतल्या कडीपुढे तिचं काय चालणार! मैत्रिणीचा फोन आला, “कुठे आहेस गं?” “दारात,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

वरच्या मजल्यावरचा सुतार दूध घेऊन येत होता. “कडी उचकटू का?”

“नको, घाबरतील. दोनला उघडतील.”

“गॅस?”

“सिलिंडरपाशीच बंद केलाय. खाणं झाकून ठेवलंय, गोळ्या डबीत आहेत.”

“मग तू इथे कशाला बसलीस? जा की!”

बस सुटायला दहा मिनिटं होती, स्टॉप कोपऱ्यावर. मी उठले. एक जिना उतरलेही. मग आतून बाबांची हाळी आली, “सब ठीऽऽक!” फाटकावर दर अर्ध्या तासाला द्यायचे, तशीच. मी संध्याकाळी सहाला परतणार. दोनला त्यांनी दार उघडलं आणि समोर कुणीच नसलं तर? पाण्याचा घोटही न घेता ते तिथेच उभे राहतील. मी त्यांना पुरती ओळखते.

मैत्रिणीला कळवलं, तुम्ही निघा. परत वर आले आणि पायरीवर बसले. साडेआठ वाजले, दहा वाजले. साडेअकराला डबा उघडला. सुतार खाली जाताना बाजूने गेला.

बरोबर दोनला कडी निघाली. बाबा ताठ उभे होते, टोपी सरळ. त्यांनी वही माझ्या हातात दिली. मापांच्या खाली त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘साडेसहा. मुलगी जंगलात गेली.’ त्याखाली दर अर्ध्या तासाला एकच ओळ: ‘मुलगी जंगलात. सब ठीक.’ मला वाटत होतं, मी सांगितलेलं ते रोज विसरतात.

“मजा आली का गं?” बाबांनी विचारलं.

“खूप,” मी म्हणाले.

“मग कर सही. मी सुटलो.”

पानाच्या तळाशी त्यांनी पट्टीने रेघा मारून पुढच्या पाळ्या आखून ठेवल्या होत्या. दोन ते दहा, दहा ते सहा, सहा ते दोन. रिलीव्हरच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी लिहिलं होतं, ‘मुलगी.’

मी बूट काढले आणि सही केली.