परिच्छेद तीन अमान्य

दर रविवारी वर्तमानपत्रात माझा स्तंभ येतो. कोर्टात काय चालतं ते साध्या माणसाला समजावून सांगायचं, एवढंच काम. वकिली सोडली, पण जिभेची खाज गेली नाही. या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं, समोरच्याने नोटीस घ्यायलाच नकार दिला तर? मी ऐटीत लिहिलं, नकार म्हणजे पोहोच. पाकीट परत आलं तरी मजकूर कळला असंच कोर्ट धरतं.

सोमवारी पोस्टमनने दार वाजवलं. "वकीलसाहेब, तुमचंच पाकीट परत आलंय. ताईंनी घेतलं नाही."

पाकिटावर माझ्या अक्षरात मुलीचा पत्ता, कोपऱ्यात छापलेलं माझं नाव आणि पदव्या, आणि त्यावर शेरा: 'घेण्यास नकार'.

चार वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. चूक माझी. तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती त्या दिवशी मी घटनापीठापुढे उभा होतो. प्रश्न मोठा होता. एखाद्याचं म्हणणं ऐकून न घेता त्याच्याविरुद्ध दिलेला आदेश टिकतो का? टिकत नाही, असं मी तीन तास घसा फोडून सांगितलं. जिंकलोही. बाहेर येऊन फोन चालू केला तर मुलीचे सात फोन येऊन गेलेले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पलंग रिकामा होता.

आठवड्याने तिचं पत्र आलं, रागाचं आणि रडवेलं. आरोप दिसला की वकिलाचा हात आपोआप चालतो. जे नाकारलं नाही ते कबूल धरतात, हे हाडीमाशी खिळलेलं. मी तिच्या पत्रातल्या परिच्छेदांना क्रमांक घातले आणि उत्तर टाइप करून रजिस्टर पोस्टाने धाडलं. 'परिच्छेद एक अंशतः मान्य. परिच्छेद दोन माहितीअभावी अमान्य. परिच्छेद तीन अमान्य.'

परिच्छेद तीनमध्ये एकच वाक्य होतं. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला ते उत्तर चांगलं मुद्देसूद वाटलं होतं.

परत आलेल्या पाकिटात माझी माफी होती. आता साध्या पाकिटात घालून पुन्हा पाठवू म्हणून ते फोडलं, आणि वाचता वाचता कानशिलं तापली. माफीलाही क्रमांक होते. शेवटी नोटिशीच्या सवयीने टाइप केलेलं, 'माझे सर्व हक्क राखून'. पोरीने घेतलं नाही तेच बरं झालं. या गाढवपणावर हसायलासुद्धा घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा निवून गेला तरी मी तसाच बसलो होतो.

मग चपला घातल्या. सोबत कागद मुद्दामच घेतला नाही.

तिने दार उघडलं, साखळी न काढता. "आता काय बजावायला आलात, बाबा?"

"काही नाही. हात रिकामे आहेत, बघ." दोन्ही तळवे पुढे केले. "आई दाराकडे बघत होती, हे मला मान्य आहे. तेव्हाही मान्यच होतं गं."



"तुम्हाला सगळं कुठे माहीत आहे?" ती म्हणाली. "दाराशी पाऊल वाजलं की ती केस सारखे करायची. तुम्हीच आलात असं वाटून. नर्स आली तरी."

उत्तर तोंडाशी आलं होतं. तारीख पुढे ढकलून मिळाली नाही, फोन बंद ठेवावा लागतो. ते गिळलं.

"पुढे सांग," म्हणालो, आणि तिच्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसलो.