बॉनेटवरचा चौकोन

बहारूम यांनी निरोप मुलीला दिला नाही, बायकोला दिला. वरात सासरी निघेल तेव्हा तेलुक इन्तानहून येणाऱ्या नवऱ्याकडच्या पाहुण्यांची पांढरी मोठी गाडी पुढे राहू दे, नवरा-नवरी तिच्यातच बसतील, आपली निळी मागून येईल. बायकोने तो जेवताना सांगून टाकला. मस्तुराने हातातला घास तसाच धरून कारण विचारलं. उत्तर तिथे ताटावर नव्हतं. ते बाहेर पोर्चमध्ये उभं होतं.

गाडी जुनी, पण चालायला ठणठणीत. बहारूम निवृत्त होईपर्यंत ड्रायव्हिंग शिकवत. सिम्पांग पुलाई गावातली निम्मी माणसं क्लच सोडायला त्यांच्याकडून शिकली. शिकवण्याची गाडी वेगळी होती, ही घरची. जन्मल्यावर मस्तुराला इस्पितळातून घरी आणलं ते हिच्यातून, आणि लहानपणापासून तिने धरून ठेवलं होतं की आपल्या लग्नाच्या रिबिनीही हिच्याच बॉनेटवर असतील आणि स्टिअरिंगवर अबाह, म्हणजे तिचे वडील, असतील. आता मात्र गर्द निळा रंग धुरकटला होता. ऊन पडलं की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे उठून दिसत. पाहुण्यांसमोर ही गाडी पुढे न्यायची बहारूम यांना लाज वाटत होती आणि तसं म्हणायचीही.

नव्याने रंग देण्याचा विषय त्यांनी पूर्वीच मोडीत काढला होता. रंग बदलला की गाडी परक्याची वाटते, असं त्यांचं मत. मग एकच वाट उरत होती. रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो मशीनने किंचित घासून चऱ्यांच्या पातळीवर आणायचा. थर पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. मस्तुराने यापूर्वी स्वयंपाकघरातल्या कढईपलीकडे काही घासलं नव्हतं.

चुलतभाऊ अझरूल स्वतःचं मशीन द्यायला तयार होता. जड, एकाच जागी गरगर फिरणारं, त्यावर लोकरीचं पॅड आणि सोबत रंग घासायचं सगळ्यात जहाल कंपाउंड. एका दिवसात काम फत्ते, असं त्याचं म्हणणं. मस्तुराने त्या थोरल्या भावाला विचारलं, “अबांग, तुझ्या गाडीच्या दारावर तो वाघाचा स्टिकर काय झाकायला लावलायस, ते आधी सांग.” अझरूलने मशीन पुन्हा पिशवीत घातलं.

इपोह शहरात फूंग अंकलच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात ती बराच वेळ उभी होती. अंकलनी आधी सगळ्यात महाग पेटी पुढे सरकवली. पहिल्यांदाच करतेयस का, असं विचारल्यावर पेटी मागे घेऊन दुसरं मशीन काढलं. त्याचं पॅड फिरतानाच डुगडुगत होतं. जास्त दाबलं की ते फिरायचं थांबे. मुरलेल्या माणसांना त्याचा राग येतो, अंकल म्हणाले, पण नवख्याच्या हातून थर जाळायला निघालेली चूक ते स्वतःच थांबवतं. मस्तुराला पटलं. तिने पॅड दोन प्रकारची घेतली, मऊ फोमची आणि जरा घट्ट फोमची. कडांना लावायला कागदी चिकटपट्टी घेतली, रंगावर रुतून बसलेली घाण ओढून काढणारी मातीची वडी घेतली आणि पॉलिश सौम्य घेतलं. जहाल कंपाउंड हातात घेऊन, वाचून, जागेवर ठेवलं.

मग अंकलनी एक छोटी बाटली काढली. ती चरे काढत नसे, नुसती भरत असे. दोन-चार धुण्यांत सगळं पुन्हा उघडं पडे.

“लग्न एका दिवसाचं असतं ना, मुली,” ते म्हणाले. “तेवढ्याला ही पुरते.”

मस्तुराने ती हातात खेळवली आणि परत दिली. जाड मायक्रोफायबरच्या फडक्यांचा गठ्ठाही नाकारला, त्यातली दोनच घेतली. पुसायची फडकी घरात ढीगभर होती.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी धुतली, पोर्चच्या सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला. माक, म्हणजे तिची आई, खिडकीतून बघत म्हणाली की नवरीच्या हाताला मेंदी लावतात, आमच्या नवरीच्या हाताला पॉलिश. मस्तुराने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टीने एक चौकोन आखला. गाडीला काय लागतं ते आधी तेवढ्याच जागेत बघायचं, बाकीच्या रंगाला हात लावायचा नाही. सुरुवात मऊ पॅडने केली. विजेरी धरून पाहिलं तर जाळं जवळपास तसंच. पॉलिश तेच ठेवून घट्ट पॅड लावलं, हात सावकाश नेला, पुसून पुन्हा विजेरी धरली. चौकोनात जाळं उरलं नव्हतं. नदीतून नुकत्याच काढलेल्या दगडासारखा ओला निळा रंग तिथे होता. बहारूम मशिदीत गेले होते. सकाळच्या उन्हात त्यांना दाखवू, म्हणून तिने पट्ट्या तशाच ठेवल्या.

सकाळी त्यांना हाक मारण्याआधी तिने एकदा स्वतः बघून घेतलं. चौकोनात बारीक रेघा होत्या. सगळ्या एकाच वळणाच्या, डावीकडून उजवीकडे गेलेल्या.

पॉलिश कमी पडलं की पॅड चुकलं, हा विचार करत ती वाकली असतानाच गाडीच्या मागच्या बाजूने बहारूम आले. त्यांच्या हातात कोंबड्याच्या पिसांचा झाडू होता. सिम्पांग पुलाईत चुनखडीच्या डोंगरांची धूळ रात्रभर गाड्यांवर बसते, आणि शेजारपाजारचे सगळे बाप सकाळी ती पिसांनी झटकतात. बहारूम यांनी तो नेम कधी चुकवला नव्हता. आजही बॉनेट झटकून ते नुकतेच मागच्या काचेकडे गेले होते.

मस्तुरा सरळ उभी राहिली. पिसं धूळ उचलत नव्हती, रंगावर घासत होती. आता मशीन कोणतं, पॅड कोणतं, याला अर्थ नव्हता. हा झाडू चालू राहिला तर गाडीची चमक लग्नापर्यंतसुद्धा टिकणार नव्हती. आणि झाडू थांबवायचा तर अबाहना सांगावं लागणार होतं की ज्या रंगाची तुम्हाला लाज वाटते तो तुमच्याच हाताने गेलाय. ती स्वयंपाकघरात गेली. माकचा सल्ला तयार होता. झाडू लपव, मी सांगते उंदरांनी नेला.

मस्तुरा बाहेर आली आणि तिने विजेरी बहारूम यांच्या हातात दिली.

त्यांनी आधी चौकोनाची चमक पाहिली, भुवया उंचावल्या. मग रेघा पाहिल्या. या कालच्या का, असं विचारलं. ती म्हणाली, काल नव्हत्या. त्यांनी चौकोनाला न टेकवता झाडू वरून हवेतच फिरवला, रोजच्यासारखा, खांद्यातून. हाताचं वळण आणि रेघांचं वळण एकच होतं. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले.

“धूळ डोंगराची आहे, अबाह. तुम्ही फक्त रोज झटकलीत.”

“शिकाऊ माणसाने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.”

झाडू पायरीवर ठेवून ते स्कूटरवरून निघून गेले. कुठे ते सांगितलं नाही. मस्तुराने पट्ट्या काढल्या, मशीन खोक्यात भरलं आणि होणाऱ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं की तुमचीच गाडी पुढे राहू दे.

बहारूम जेवणाच्या वेळेला परतले. स्कूटरवर पायांशी फडक्यांचा तोच गठ्ठा होता आणि हाताने दाबून पाण्याचा फवारा मारायचा पंप. फूंगला चांगलं झापलं, ते म्हणाले, पोरीला दोनच फडकी विकलीस म्हणून. तर तो म्हणतो, तुझ्याच पोरीने उरलेली परत ठेवली. त्यांनी गाडीवर पंप मारला आणि धूळ वाहून जाईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग मस्तुराला मशीन खोक्यातून काढायला लावलं.

“मला शिकव,” ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी उभी राहिली, जसे ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेजारी बसले होते. हळू. दाबू नका. मशीनला चालू द्या, तुम्ही फक्त रस्ता दाखवा. एकदा त्यांनी घाई केली, पॅड फिरायचं थांबलं, तेव्हा ती म्हणाली, “गाडी बंद पाडलीत.” बहारूम हसले. हे वाक्य त्यांचंच होतं.

काम पुरं व्हायला बरेच दिवस गेले. पेट्रोलच्या झाकणाजवळचा एक खोल चरा काही जाईना. जहाल कंपाउंड आणू का, असं मस्तुराने विचारलं. तेवढ्यासाठी सगळा थर कशाला पणाला लावायचा, असं म्हणत त्यांनी चऱ्यावरून अंगठा फिरवला आणि तो राहू दिला. झाडू माकने फळीवरच्या बरण्यांसाठी आत नेला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अझरूल रिबिनी घेऊन आला आणि पाहुण्यांची गाडी किती वाजता येणार, ती सजवायची कुठे, याची चौकशी करू लागला. बहारूम फडक्याची घडी घालत होते. त्यांनी ती पूर्ण घातली, दुसरं फडकं उचललं आणि मस्तुराकडे वळले.

“रिबिनीची गाठ आपल्या बॉनेटला जिथे टेकते ना,” ते म्हणाले, “तिथे खाली हे घाल. वाटेत वाऱ्याने घासेल.”