आठव्या कप्प्याचा दिवा

त्याने रॅकचं जाळीचं दार उघडलं, कानातला फोन नीट बसवला आणि म्हणाला, "लावा."

तेराव्या कप्प्यावर निळा दिवा लुकलुकायला लागला. आठव्यावरचा आधीपासून लुकलुकतच होता.

"दिसला का?" वरच्या मजल्यावरून मास्तरांनी विचारलं.

"दिसला."

"एकच ना?"

त्याने आठव्या कप्प्याकडे बघितलं. खाली पंख्यांचा एवढा आवाज असतो की ऐकू आलं नाही असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मास्तर या नोकरीत येण्याआधी खरोखरच शाळेत शिकवत, आणि उत्तर न देणाऱ्याला सोडून द्यायची त्यांना सवय नव्हती.

"अहो, एकच ना?"

"दोन आहेत. आठवर एक जुना आहे."

रॅकमध्ये दवाखान्यांची माहिती साठवणाऱ्या चोवीस डिस्क होत्या, सगळ्या दिसायला सारख्या. त्यातली कुठली बिघडली हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, वर स्क्रीनपुढे बसलेल्याला कळतं. वरचा माणूस त्या डिस्कचा दिवा लावतो आणि खालचा तीच डिस्क ओढून काढतो. नुसता नंबर सांगून भागत नाही, कारण स्क्रीन शून्यापासून मोजते आणि कप्प्यांवरचे स्टिकर एकपासून. अकरा वर्षांपूर्वी त्याने नंबर ऐकून शेजारची चांगली डिस्क ओढली होती. दोन दिवस तीन दवाखान्यांचे एक्स-रे उघडले नव्हते.

तेव्हा वर त्याची बायको बसायची. तिने साहेबांच्या मागे लागून नियमच करून घेतला, की एका रॅकमध्ये एका वेळी एकच दिवा. नियम सिस्टममध्येच घातला. दोन दिवे लागलेले असले की डिस्क काढायची परवानगीच मिळत नाही.

"तुझ्यासाठी केलंय," ती म्हणाली होती. "नवरा हुशार आहे माझा. फक्त त्याला मोजायला लावू नये."

आठव्या कप्प्याचा दिवा तिने लावलेला होता. आठ महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी. तो दिवा बघून तो फोनची वाट बघत थांबला, कारण फोन आल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. फोन आला नाही. साडेचारला ती स्वतःच पर्स घेऊन खाली आली. म्हणाली, डोकं फार दुखतंय, घरी जाऊ या. रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं. शुक्रवारी ती गेली.

तिचं काम अर्धवट राहिलं, एवढंच त्याने मनाशी धरलं. तिच्या जागी मास्तर बदली होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, हा आठचा दिवा घालवू का. तो म्हणाला, राहू द्या. त्यानंतर तो रोज कामावर आला की आधी या रॅकपाशी यायचा. बाकीच्या रॅकच्या जाळ्या महिन्याने पुसायचा, या रॅकची दर आठवड्याला. पंखे काढून धूळ उडवायचा, तारा सरळ करायचा. या रॅकमधली एकही डिस्क बिघडू नये म्हणून जे हातात होतं ते सगळं त्याने केलं होतं.

"माझा बंद करून परत लावतो," मास्तर म्हणाले. "कुठला हलतो बघा."

तेराचा विझला, परत लागला.

"तेरा."

"झालं मग. थांबा, परवानगी घेतो." थोडा वेळ फोनमध्ये नुसत्या कळा वाजल्या. "सिस्टम नाही देत. आधी जुना घालवा म्हणते."

"परवानगी नसली तरी डिस्कची कडी उघडते."

"उघडते ना. आणि काही झालं तर दवाखानेवाल्यांना मी काय सांगू? कडी उघडत होती म्हणून?"

त्याचा अंगठा तेराच्या कडीवर होता. डिस्क हीच, याबद्दल त्याला शंका नव्हती. दाबायचं आणि ओढायचं, दोन सेकंदांचं काम. आठचा दिवा राहिला असता.

त्याने अंगठा काढून घेतला.

"घालवा," तो म्हणाला.

वर दोन-तीन कळा वाजल्या आणि थांबल्या.

"मास्तर?"

"तुम्ही वर या."

"कशाला? एक बटण तर दाबायचंय."

"या हो. गुडघ्यांचं कारण सांगू नका, लिफ्ट कालच दुरुस्त झालीय."

आठ महिन्यांत तो त्या खोलीत गेला नव्हता. मास्तरांनी उठून खुर्ची दिली. तो टेकल्यासारखा बसला. स्क्रीनच्या कोपऱ्यात खालच्या खोलीचं छोटं चित्र होतं. त्यात त्याचं स्टूल होतं, रॅकचं उघडं दार होतं आणि दोन निळे ठिपके होते.

"इथून दिसतं होय सगळं?"

"सगळं. परवा जेवणानंतर डुलक्या घेत होतात, त्यासुद्धा."

मधोमध आठव्या कप्प्याचं पान उघडलेलं होतं. दिवा लावणाऱ्याच्या जागी तिचं नाव. वेळ, तीन वाजून दहा मिनिटं. डिस्कची स्थिती, चांगली. त्याखाली कारणाचा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, काही नाही, सहज.

"कारण भरल्याशिवाय दिवा लागत नाही," मास्तर म्हणाले. "हे पान मी आजच उघडलं, घालवायला म्हणून. मग म्हटलं, आधी तुम्ही बघावं."

त्याने ते परत वाचलं. मग कोपऱ्यातल्या चित्राकडे बघितलं. त्या दुपारी तो याच स्टुलावर बसून पंखा खोलत होता. दिवा लागल्यावर त्याने मान वर केली होती, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता आणि फोन वाजायची वाट बघितली होती. कॅमेरा खोलीच्या दाराच्या वर आहे. तिकडे त्याने बघितलं नव्हतं.

"डिस्क चांगलीच होती," तो म्हणाला.

"पहिल्यापासून."

त्याने माऊस धरला आणि बंद करायचं बटण दाबलं. दिवा गेला नाही. स्क्रीनवर एक चौकोन उघडला. बंद करण्याचे कारण, असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली जागा रिकामी होती.

"तिथे काहीही चालतं," मास्तर म्हणाले. "मी नुसतं टिंब देतो." आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याला टायपिंगची सवय नव्हती. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं, पाहिला. मग कोपऱ्यातल्या चित्राकडे बघत त्याने बटण दाबलं.