सातवी कुंडी

नणंदेवर सूड उगवायचं नक्की झालं, आणि दुर्बीणबाईला तीन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दुर्बीणबाई हे तिचं लॅबमधलं नाव. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई. हजार निरोगी पेशींत एखादी वाकडी पेशी लपून बसली, तरी ती तिच्या नजरेतून सुटत नसे. डॉक्टरांनाही शंका आली की ते म्हणत, "दुर्बीणबाईंना दाखवा." तिची दुसरी ख्याती हात धुण्याची. दिवसातून वीस वेळा, कोपरापर्यंत, साबणाचा फेस काढून. घरीसुद्धा तेच. नवरा म्हणायचा, हिच्या तळहातावरच्या रेषा एक दिवस मोरीतून वाहून जाणार आहेत.

अशा चोख बाईच्या परसात गुडघाभर तण कसं, याचं येणाऱ्याजाणाऱ्याला नवल वाटे. पण ते तण माजलेलं नव्हतं, तिने ठेवलेलं होतं. टोमॅटोच्या पायाशी झेंडू, म्हणजे मातीतले सूत्रकृमी मुळांच्या वाटेला कमी जातात. कोबीशेजारी मोहरीची चार ताटं, म्हणजे मावा ही रस शोषणारी कीड आधी तिकडे बसते आणि कोबी वाचतो. मोकळ्या जागेत घोळीची भाजी पसरू द्यायची, म्हणजे उन्हाने माती भाजत नाही. "उघडी माती हा आजार आहे," असं ती नवऱ्याला बजावून सांगायची, आणि तो पेपरमागून "हो" म्हणायचा.

आणि कोपऱ्यात, नळाजवळ, पाहुणी असायची. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. हे नाव दुर्बीणबाईच्या आईने ठेवलेलं. शेपूसारखी चिरलेली पानं, उघड्या छत्रीसारखे पिवळे फुलोरे, आणि पान चुरगाळलं की बडीशेपेच्या जवळ जाणारा पण बडीशेपेचा नसलेला एक वास. आई गेली तेव्हा भावाने घर घेतलं, थोरलीने दागिने घेतले, आणि हिच्या वाट्याला रुमालात बांधलेलं चमचाभर बी आलं. आई म्हणायची, "हिला डबीत कोंडू नकोस. फक्त जागा ठेव, ती आपली आपण येते." म्हणून दुर्बीणबाईने बी कधी साठवलं नाही. अठरा वर्षं पाहुणी आपली आपण येत राहिली.

तिच्या फुलांवर ढालकिडे जमत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते इवले भुंगे आणि त्यांची पिल्लं दिवसभर मावा फस्त करत. भिंत कमरेएवढीच होती, आणि भिंतीपलीकडे नणंदेच्या चोवीस गुलाबांच्या कुंड्या होत्या. ढालकिड्यांना कुठली आली भिंत? गुलाबांवरचा मावाही तेच खात. नणंद मात्र समजायची की गुलाब तिच्या शिस्तीमुळे निरोगी आहेत.

नणंद म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, घराच्या पलीकडच्या निम्म्या भागात एकटी राहायची. कुंड्या शाळेतल्या रांगांसारख्या, एकेक हात अंतर सोडून, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. गुलाबांच्या प्रदर्शनात सात वर्षं तिचा दुसरा नंबर येत होता आणि सात वर्षं ती परीक्षकांना अडाणी म्हणत होती. या बाईने जन्मात कोणाला "चुकलं माझं" म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी दुर्बीणबाई चाळीस दिवस दुसऱ्या गावी गेली. परत आली तर परस जागेवर नव्हतं. राखाडी फरश्या बसवलेल्या, फटींत सिमेंट भरलेलं, आणि जिथे पाहुणी असायची तिथे एक बाक. नणंद मातीने माखलेले हात मुद्दाम न धुता दारात उभी होती.

"चाळीस दिवस राबले बाई! नळाजवळ तर गाजरगवत माजलं होतं, मुळासकट काढलं. बघ, आता कशी माणसांची बाग वाटते."

दुर्बीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाजरगवत! गाजरगवताचं देठ खरखरीत, पाहुणीचं गुळगुळीत. आंधळ्यालाही बोटांनी कळेल. पण तोंडातून एवढंच निघालं, "छान झालंय, वन्सं."

मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, तिने रडून घेतलं. बाहेर आली तेव्हा नवरा दाराशीच उभा होता. तिने त्याला सांगितलं, "तुमच्या बहिणीने माझी आई पुसून टाकली. ते गाजरगवत नव्हतं." त्याने आत जाऊन नळ बंद केला. बायको आणि बहीण यांच्यामध्ये तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, बोलायचं कसं हेच विसरला होता.

भांडून काही उपयोग नव्हता. भांडणात नणंद हिला वर्गाबाहेर उभी केल्यासारखी बोलली असती आणि वर आभारही वसूल केले असते. दुर्बीणबाईला वेगळंच हवं होतं. त्या बाईने आपल्या लाडक्या वस्तूच्या जागी उभं राहावं, वस्तू नसावी, आणि तोंडातून "छान झालंय" म्हणावं लागावं. अगदी तेच तीन सेकंद तिला हवे होते, आणि ते मिळेपर्यंत ती गोड बोलणार होती. ती इतकी गोड बोलू लागली की नवऱ्याला धडकी भरली.

तीन महिने असेच दात-ओठ खाण्यात गेले. पायरीवर ठेवलेल्या मिरचीच्या चार रोपांवर मावा चढला. खाणारं कोणी उरलंच नव्हतं, चढणारच. तिला वाटलं, आता गुलाबांची पाळी. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती भिंतीशी उभी राहायची आणि कळ्या न्याहाळायची. पण गुलाब ठणठणीत! सातव्या कुंडीतला गर्द लाल, जो यंदा प्रदर्शनात जायचा होता, तो तर असा तरारला होता की तिला चहा कडू लागायचा.

मग एक दिवस तिचं लक्ष कुंड्यांच्या मातीकडे गेलं. नणंदेच्या कुंड्यांत तण होतं. घोळ, माठ, आणखी काय काय. सातव्या कुंडीत तर बोटभर उंचीचं गाजरगवतही दिसत होतं. त्या सगळ्यावर ढालकिडे निवांत फिरत होते. म्हणजे तिच्या परसातून हाकललेले सगळे पलीकडे राहायला गेले होते. चादरीला सुरकुती पडली तरी जिला खपत नाही, तिच्या कुंड्यांत तण? गुडघे बोलायला लागले असणार, दुर्बीणबाईने मनात म्हटलं, वाकवत नसेल. आणि तिला अगदी बरं वाटलं.

तिने मध लावल्या आवाजात विचारलं, "वन्सं, कुंड्या खुरपून देऊ का?"

"हात लावू नकोस!" नणंद इतक्या जोरात म्हणाली की भिंतीवरचं मांजर उठून गेलं. "माझं मी बघेन."

वाकवत नाही, पण तोरा बघा! त्याच क्षणी दुर्बीणबाईला आपला सूड सापडला. मावा सोडायला नको, औषध मारायला नको, एका पाकळीला नख लावायला नको. फक्त मदत करायची. जशी तिला केली होती तशीच, न विचारता, पाठीमागे, मुळासकट. तण गेलं की ढालकिडे जातील, आणि कोवळ्या कळ्यांवर मावा आठवड्यात दुप्पट, दोन आठवड्यांत लेप. प्रदर्शनाला वीस दिवस होते. लॅबमधल्या बाईला हा हिशेब चुकणं शक्यच नव्हतं.

नणंदेच्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या शिक्षकांचा सत्कार होता. ती एक रात्र मुक्कामाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुर्बीणबाई खुरपं घेऊन भिंतीतल्या फाटकातून पलीकडे गेली.

हातमोजे तिने मुद्दाम घातले नाहीत. ज्या कामात एवढा आनंद आहे ते रबरातून काय करायचं? पहिल्या कुंडीत ती जरा नीट बघून काढत होती. तिसऱ्या कुंडीपासून मुठीच्या मुठी. ही मूठ माझ्या मुलीचं नाव तुम्ही ठेवलंत त्याबद्दल. ही माझं स्वयंपाकघर तीनदा लावून दिलंत त्याबद्दल. ही पाहुण्यांसमोर माझा चहा ओतून दुसरा केलात त्याबद्दल. आणि सातव्या कुंडीशी आल्यावर तिने दोन्ही हात घातले. ही माझ्या आईबद्दल, वन्सं.

तेव्हा तो वास आला. बडीशेपेच्या जवळचा, बडीशेपेचा नसलेला. क्षणभर तिचे हात थांबले, डोळे भरून आले. तिला वाटलं, आईच आली आहे. आई शेजारी उभी राहून म्हणते आहे, बरं करतेस, पोरी. मग तिने दुप्पट जोराने उपटलं. आठव्या कुंडीत वास आला, पंधराव्यात पुन्हा आला, आणि प्रत्येक वेळी तिला बळ चढलं.

नवरा चपला अडकवून फाटकाशी आला. "अगं, ताईला विचारलंस का?"

"त्यांनी मला विचारलं होतं?"

तो पेपरमागे परत गेला.

चोवीस कुंड्या झाल्या. माती अशी लख्ख की कोणी विंचरल्यासारखी. दोन पोती तण निघालं. अकराला कचऱ्याची गाडी आली, आणि तिने दोन्ही पोती स्वतःच्या हाताने वर चढवली. हात धुवायला नळाकडे वळली आणि थांबली. नको. तेव्हा नणंद जशी उभी होती तसंच उभं राहायचं. मातीचे हात घेऊन.

साडेअकराला नणंद आली, हातात सत्काराचा पुष्पगुच्छ. रस्त्यावरच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि जागीच उभी राहिली.

दुर्बीणबाईने तीन महिने घोटून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "सकाळपासून राबले, वन्सं. बघा, आता कशी शिस्तीची बाग वाटते."

नणंद गुलाबांकडे बघत नव्हती. मातीकडे बघत होती. वाकवत नाही असं जिच्याबद्दल ठरवून झालं होतं ती खाली वाकली, सातव्या कुंडीपाशी चक्क उकिडवी बसली, आणि मातीवरून बोट फिरवून म्हणाली, "यातलं काढलंस?"

"सगळ्याच कुंड्यांतलं काढलं. मुळासकट. गाजरगवतसुद्धा होतं."

"ते गाजरगवत नव्हतं गं."

भिंतीवरचं मांजर पुन्हा येऊन बसलं होतं. दुर्बीणबाई त्याच्याकडेच बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघवेना.

"तू आलीस त्याच आठवड्यात तुझा नवरा मला सांगून गेला," नणंद म्हणाली. "तुझ्या आईचं होतं म्हणून. तोवर सगळं फरशीखाली गेलेलं. मग एक दिवस या कुंडीत बारीक पानं दिसली. भिंतीवरून बी उडालं असणार. आठव्या कुंडीत दिसली, पंधराव्यात दिसली. त्यातलं कुठलं तण आणि कुठलं ते, मला काही कळेना. म्हणून कशालाच हात लावला नाही. फुलं आली की कुंडीसकट तुझ्या नळाजवळ आणून ठेवणार होते."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

नणंदेने पुष्पगुच्छ मातीवर आडवा ठेवला. "सांगताना चुकलं म्हणावं लागलं असतं."

मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुला भिंतीवरून दिसेल. तू तरी ओळखशील."

दुर्बीणबाई धावत रस्त्यावर गेली. रस्ता मोकळा होता. गाडी उभी होती तिथे घोळीची एक काडी पडली होती, आणखी काही नाही. पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली, त्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि दम लागल्यावर परत आली.

भिंतीतलं फाटक उघडंच होतं. नणंद नळाजवळच्या त्या बाकावर बसली होती, फरश्यांकडे बघत. दुर्बीणबाई तिच्याकडे न बघता घरात शिरली. गुलाबांवर मावा यायचा तेव्हा येणारच होता. तिचा हिशेब कुठेच चुकला नव्हता.

नवऱ्याने ताटं घेतली होती. "हात धुऊन ये, गार होतंय."

ती ताटासमोर बसली. उजवा हात नाकाशी नेला. नखांत माती होती, हिरवा रस वाळला होता, आणि तो वास अजून होता, अगदी ताजा. तिने हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने चमचा उचलला.

त्या दिवशी तिने हात धुतले नाहीत.