नाकसाहेबांची बाटली

नाकसाहेबांचं नाक म्हणजे काय सांगावं! तीन गल्ल्या पलीकडे कुणी काडी ओढली, तर हे घरात बसून सांगायचे की पेटी सर्दावलेली आहे. सरबताच्या कारखान्यात चव पाहायची नोकरी. एकदा टाकीभर सरबताचा नुसता वास घेऊन म्हणाले, "यात मुंगी पडलीय." सगळी टाकी गाळली. निघाली मुंगी. एकच, आणि तीही लंगडी.

त्या लंगड्या मुंगीपायी मालकाने त्यांना बक्षीस दिलं. इटलीची लाल वाईन, बारोलो. "वीस वर्षं हात लावू नका," असं बजावून दिली. बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी ठेवायची असते. कपाटाच्या तळच्या खणात, चादरींच्या मधे, जुन्या स्वेटरात गुंडाळून ती झोपली ती झोपली. त्या घरात इतकं सुखाने लोळायला दुसऱ्या कुणाला मिळालं नाही.

बायकोला तर नाहीच. कोपऱ्यावर तिचं छोटं दुकान, लोकांचे कपडे उसवून बेताचे करून द्यायचं. दिवसभर ते करायचं, घरी येऊन रांधायचं, आणि नाकसाहेबांनी पहिला घास घेऊन निकाल द्यायचा: "मीठ कमी आहे." जास्त घातलं की, "आज हात सैल सुटला." अडतीस वर्षं हेच.

बाटलीची वीस वर्षं भरली. लेकीचं लग्न झालं. "पन्नास माणसांत काय, थेंब थेंब वाटू?" लेकीला मूल झालं. "अजून तयार नाही ती. घाई केली तर तोंड वाकडं करते." जशी काही बाटली नव्हे, सासूच.

दोन वर्षांपूर्वी मात्र नवल घडलं. नाकसाहेब मोठ्या तापातून उठले आणि एकदम मऊ झाले. पहिला घास घ्यायचे, बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "वा! आज हात लागलाय." रोज! तेवढ्यावर बाई दिवसभर तरंगायची. मशीनवर बसून गुणगुणायला लागली. गिऱ्हाइकांना वाटलं, बाई कुणाच्या तरी प्रेमात पडली. पडलीच होती, पण नवऱ्याच्या. या वयात सांगायचीसुद्धा चोरी.

मग गुडघे बोलायला लागले आणि तिने दुकान बंद करायचं ठरवलं.

"अहो, शनिवारी दुकानाला कुलूप लावतेय. चाळीस वर्षं झाली. त्या दिवशी उघडू या ना ती."

"पुढच्या हिवाळ्यात बघू. अजून तयार नाही."

"कोण? ती की मी?"

नाकसाहेबांनी पेपर वर धरला.

हे तिला फार लागलं. आयुष्यातला एक तरी दिवस त्या बाटलीच्या तोलाचा ठरावा, एवढंच तिला हवं होतं. धाकट्या बहिणीपाशी ती रडली. धाकटी महाबिलंदर.

"ताई, तूच उघड. आणि भावोजींना पाज स्वयंपाकातली वाईन, ती ओट्यावर महिनाभर उघडी पडलीय ना, ती. बघू या काय सांगतं ते नाक!"

गुरुवारीच तिने बाटली उभी करून ठेवली, गाळ खाली बसावा म्हणून. इतकी वर्षं ऐकून ऐकून सगळं पाठ झालेलं. शनिवारी नाकसाहेब फिरायला गेले तशी धाकटी आली. बूच अर्ध्यात तुटलं. थोरलीने टाके उसवायच्या हुकाने ते अलगद ओढून काढलं आणि अस्तराच्या मलमलीतून वाईन काचेच्या जगमध्ये गाळली. रंग भिजलेल्या विटेसारखा. दोघींनी घोट घोट घेतला, आणि दोघी बहिणी एकाच वेळी गप्प झाल्या. असं यापूर्वी फक्त त्यांची आई गेली तेव्हा झालं होतं.

नाकसाहेबांच्या ग्लासात ओट्यावरची वाईन गेली, वर तीन चमचे व्हिनेगर.

"अगं, घोडा शिंकेल!" थोरली म्हणाली.

"शिंकू दे."

नाकसाहेब आले. टेबलावरची रिकामी बाटली पाहून चेहरा पांढराफटक. "उघडलीस?"

"उघडली. घ्या."

ते बसले. ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. घोट घेतला आणि डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठांवर हसू दाबलेलं. "वा!" ते म्हणाले. "वाळलेले गुलाब. जुनं चामडं. आणि मागून हळूच... चेरी."

धाकटी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. थोरलीही हसत सुटणार, तेवढ्यात नाकसाहेबांनी मोठा घोट घेतला. ना डोळ्यात पाणी, ना तोंडावर सुरकुती. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"अहो, कालचं सूप कसं झालं होतं?"

"झकास! हात लागला होता."

"मीठ?"

"अगदी बेताचं."

कालच्या सुपात मिठाचा कणही नव्हता. धाकटीला डॉक्टरांनी बंद केलंय आणि ती जेवायला होती. त्या तापानंतर दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा "पेपरात गुंगलो होतो" म्हणाले होते हे. तिला आत्ता आठवलं. नाकही गेलेलं आणि जीभही. आणि म्हणून पुढचा हिवाळा, आणि त्याच्या पुढचा.

दोन वर्षांचे रोजचे "वा!" तिच्या अंगावर आले.

तिने ग्लास उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि जगमधली खरी वाईन भरून आणली.

"काय झालं?"

"गाळ आला होता."

त्यांनी घोट घेतला आणि नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. रोजच्या पहिल्या घासाला बघायचे तसंच. तिला ते प्रेम वाटायचं. ते तर तिच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होते. आज तिने चेहरा इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट ठेवला. त्यांची नजर इकडून तिकडे फिरली, काही सापडेना.

"चांगली आहे ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने जग उचलला आणि आत जाता जाता म्हणाली,

"मीठ कमी आहे."